परतीच्या मालावरचा आक्षेप

आयुष्यात मी एकच भाषण केलं, तेही खुर्चीत बसून, शेवेच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या मोबाइलसमोर. तीन मिनिटं मिळाली होती. तेवढ्यात मी जे करून बसलो ते निस्तरायला उरलेलं आयुष्य पुरेल असं काही वाटत नाही. आमची सौ. म्हणते, झालं गेलं, सोडून द्या आता. सोडून द्यायला ते माझ्या हातात असतं तर काय हवं होतं! म्हणून लिहून काढतोय.

लिहायची मला सवय आहे. छत्तीस वर्षं कोषालयात काढली, म्हणजे सरकारी ट्रेझरीत. कुठल्याही खात्याचं बिल समोर आलं की त्यात खोट शोधायची आणि समासात लाल शाईने आक्षेप लिहायचा, हे माझं काम. चांगला आक्षेप सापडला की त्या दिवशी जेवण गोड लागायचं. लोक तोंडावर साहेब साहेब करायचे आणि पाठ फिरली की शिव्या घालायचे, आणि खरं सांगतो, मला दोन्ही आवडायचं. रिटायर झालो तेव्हा टेबलाच्या किल्ल्या जमा केल्या, ही खोड मात्र घरी घेऊन आलो.

मला एकच मुलगी. डोक्याने तल्लख आणि स्वभावाने माझ्यावर गेलेली, म्हणजे वाकडी. बँकेच्या परीक्षेची तयारी मी तिच्याकडून बसून करून घेतली. ती गणितं सोडवायची आणि मी घड्याळ लावून समोर बसायचो. सरकारी बँकेत लागली तेव्हा सगळ्या गल्लीत पेढे वाटले, ज्यांच्याशी बोलणं नव्हतं त्यांच्या घरीसुद्धा नेऊन दिले. अकरा महिने झाले असतील. एका रविवारी जेवताना ताटाकडे बघत म्हणाली, "बाबा, मी रिझाइन केलं." बंगळूरला कुठलीशी कंपनी होती, मोबाइलवरून कपडे विकणारी. तिथे निघाली होती.

"कपडेच विकायचे होते तर एवढं शिकलीस कशाला? आपल्या कपडा मार्केटमध्ये गादीवर बसायचं होतंस, रोज घरी तरी आली असतीस," मी म्हणालो.

माझी बाजू ऐका. माझे वडील इथल्या, म्हणजे इंदूरच्या, मिलमध्ये क्लार्क होते. मिल बंद पडली तेव्हा मी नववीत होतो. त्यानंतर घरी कुणी पाहुणा आला की वडील मागच्या दाराने बाहेर पडायचे, कारण पाहुणा पाणी पिऊन झालं की पहिलं हेच विचारायचा, सध्या काय करता? पाहुणा गेला की मी त्यांना शोधायला जायचो. बहुतेक वेळा कृष्णपुऱ्याच्या समाधीच्या छत्र्यांपाशी नदीकडे तोंड करून बसलेले सापडायचे. मी हाक मारली की उठायचे आणि वाटभर माझ्या अभ्यासाची चौकशी करायचे. त्या वयात ठरवलं होतं की आपल्या घरात आता ज्या नोकरीला कुणी हात लावू शकत नाही तीच नोकरी. हे सगळं मी पोरीला शांतपणे सांगू शकलो असतो. पण शांतपणा आमच्या खानदानात नाही.

ती म्हणाली, "तुम्हाला माझी नाही, माझ्या नोकरीची काळजी आहे."

मी म्हणालो, "मग नोकरी सोडलीस तसं घरही सोड."

जीभ आहे की काय आहे! बोललो आणि बोलून बसलो. सौ.ने पोळी तव्यावरच टाकून दिली आणि धावत बाहेर आली, तोवर पोरगी ताटावरून उठली होती. चौथ्या दिवशी गेली. त्यानंतर चार वर्षं आमच्यात एक शब्द नाही. सौ.च्या मोतिबिंदूच्या वेळी दोन दिवस आली होती, पण मी हॉलमध्ये तर ती आत, ती हॉलमध्ये तर मी गच्चीवर. मायलेकी रोज फोनवर बोलायच्या. मी बजावून ठेवलं होतं की बोलायचं तर बोला, पण तिच्या त्या दुकानाचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही. सौ.नेही ते अक्षरशः पाळलं. पोरगी तिथे नेमकं काय काम करते, कुठल्या खात्यात बसते, यातलं काही मला ठाऊक नव्हतं. विचारलं असतं तर सौ.ने एका वाक्यात सांगितलं असतं. पण विचारणार कोण? मी?

एका बुधवारी सौ. खजरान्याला जाऊन मंदिराच्या मागच्या भिंतीवर उलटा साथिया, म्हणजे स्वस्तिक, काढून आली. आमच्याकडे नवस बोलायची ती रीत, मनातलं झालं की परत जाऊन सुलटा काढायचा. मी विचारलं, काय मागितलंस? म्हणाली, "दोन अडेलतट्टू आहेत, त्यांना एकमेकांशी बोलायची बुद्धी दे म्हटलं." मी पेपर वर धरला.

पुढे ती कंपनी शेअर बाजारात आली. पेपरात पानभर जाहिरात होती. मी जन्मात शेअर घेतला नव्हता. आमच्या घरी शेअर आणि सट्टा एकाच दमात बोलायचे शब्द होते. तरी उठलो, बँकेचं पासबुक घेतलं आणि तुकोगंजमध्ये जाऊन डिमॅट खातं उघडून आलो. कुणी विचारलं असतं तर गुंतवणूक म्हणालो असतो. खरी गोष्ट वेगळी होती. दलालाच्या ऑफिसातल्या माणसाने सांगितलं होतं की भागधारकाला कंपनी दर तीन महिन्यांनी हिशोब दाखवते, वर्षाला जाडजूड अहवाल पाठवते, विचारलं तर उत्तर देते. म्हटलं, चला, पोरगी सांगत नाही तर कंपनी सांगेल.

ते दलालाचं ऑफिस एका दातांच्या दवाखान्याच्या वर आहे. जवान पोरं आता सगळं मोबाइलवर करतात, त्यामुळे तिथल्या खुर्च्यांवर आम्ही म्हातारेच. भिंतीवरच्या टीव्हीत भावांची पट्टी पळत असते, चढलं ते हिरवं, पडलं ते लाल. तिथे माझी दोघांशी गट्टी जमली. एक सर, कॉमर्स कॉलेजातून रिटायर झालेले. मूळचे महाराष्ट्रातले, तीस वर्षं इंदूरला काढूनही आमच्या मराठीला नाक मुरडायचे. मी म्हणायचो, "भाव वाढून राहिला." ते म्हणायचे, "वाढतो आहे म्हणा हो, निदान वाढताना तरी." दुसरे शेठजी, नमकीनचं दुकान मुलांच्या हवाली करून आलेले. बोलायचे हिंदी, पण आमची मराठी त्यांना शिवीसकट कळायची. आमच्यात कायदा असा की ज्याचा शेअर त्या दिवशी सगळ्यात जास्त चढेल त्याने कचोरी आणि चहा पाजायचा. मला हा खर्च फारसा कधी पडला नाही.

कारण माझा शेअर पहिल्या आठवड्यात उड्या मारून वर गेला आणि मग जो घसरायला लागला तो थांबेचना. रोज दुपारी तीच चर्चा. शेठजी म्हणायचे, "भिया, निकल लो. अपने को क्या इससे शादी करनी है? मेरी बहुएँ छह ड्रेस मँगाती हैं और पाँच वापस. एक तो पहन के, फोटू खींच के वापस!" सर खिशातून पेन काढून वर्तमानपत्राच्या कडेला आकडे मांडायचे. परत येणारा माल हेच या धंद्याचं दुखणं आहे म्हणायचे. माल पाठवायचा खर्च, परत आणायचा खर्च, तो उघडून तपासायला माणसं, इस्त्री करून पुन्हा घडी घालायला माणसं. "विकून मोकळे व्हा. चांगल्या कंपन्या काय कमी आहेत?"

"नाही विकत," मी म्हणायचो.

"पण का? कारण द्या."

"माझी मर्जी."

कारण कसं देणार? भाव पडला की मला वाटायचं, आज पोरीला तिथे कुणीतरी बोललं असेल. जास्त पडला की वाटायचं, ती जेवली नसेल. चढला की वाटायचं, आज हसली असेल कुणाशी तरी. वेडेपणाच, दुसरं काय. पण चार वर्षं ज्याला घरच्या फोनवर स्वतःच्या पोरीचा नुसता आवाज भिंतीपलीकडून ऐकू येतो, त्याला काहीतरी धरायला लागतं. सौ. हुशार. जेवायला वाढायच्या आधी एवढंच विचारायची, "लाल की हिरवं?" लाल म्हटलं की माझ्या ताटात पोळी कमी वाढायची, कारण ती तशीच उरणार हे तिला ठाऊक असायचं.

एकदा तिमाहीचा हिशोब वाईट आला आणि भाव धाडकन आपटला. शेठजी मजेत म्हणाले, "क्या भिया, तुम्हारी बेटी बैठी है क्या उस कंपनी में, जो छोड़ते नहीं?" मी ताडकन उठलो. तोंडात शिवी आली होती. पण शिवीच्या ऐवजी डोळ्यांत पाणी आलं आणि मी तसाच खाली बसलो. साठी उलटलेला माणूस, दवाखान्याच्या माडीवर, टीव्हीसमोर, रुमाल शोधत. मग सगळं सांगितलं, अगदी ताटावरून उठली तिथपासून. सर चष्मा पुसत राहिले. शेठजी खाली गेले आणि कचोरी घेऊन आले, त्या दिवशी त्यांची पाळी नसताना.

त्यानंतर त्या दोघांनी मला विका म्हणून सांगितलं नाही. उलट माझ्या शेअरचा भाव माझ्याआधी तेच बघायला लागले. आणि उपायही सरांनाच सुचला.

"कंपनीची वार्षिक सभा असते," ते म्हणाले. "आता सगळी मोबाइलवरच होते. आधी नाव नोंदवलं की कुठल्याही भागधारकाला बोलायला मिळतं. तुमच्याकडे दहा शेअर असोत नाहीतर दहा लाख. चेअरमन समोर बसून ऐकतो. आणि कंपनीतली माणसंही बघतात बरं का, त्यांनाही शेअर दिलेले असतात."

कंपनीतली माणसंही बघतात. एवढंच वाक्य मी घरी घेऊन आलो. फोन करायचा तर मला झुकावं लागणार होतं. इथे झुकायचं काम नव्हतं. ती मला बघेल, ऐकेल, तिला कळेल की बाप तिच्या कंपनीचा मालक आहे, छोटासा का होईना, आणि त्याने अहवालाचं पान न् पान वाचलंय. मग ती आपणहून फोन करेल. माझा हिशोब असा होता. आज लिहिताना लाज वाटते, पण होता.

आठ दिवस तयारी चालली. सरांनी इंग्रजीत छान प्रश्न लिहून दिला, इंदूरसारख्या शहरांसाठी कंपनीचा विचार काय आहे वगैरे. कुणाला दुखवणारा नाही, कुणाला अडचणीत आणणारा नाही. शेठजींचं म्हणणं, भिया, डिस्काउंट कूपन माँगो, सब माँगते हैं. घरी मी आरशासमोर वाचून बघत होतो तेव्हा सौ. शर्टाला इस्त्री करत होती. म्हणाली, "त्यापेक्षा एवढंच म्हणा ना, माझी मुलगी तुमच्याकडे आहे आणि मला त्याचं बरं वाटतं. झालं."

"ती सभा आहे, हळदीकुंकू नाही," मी म्हणालो. "तिथे घरच्या गोष्टी बोलत नसतात."

ती कॉलरवर जरा जास्तच वेळ इस्त्री फिरवत राहिली.

सभेच्या दिवशी आम्ही तिघं दलालाच्या ऑफिसात जमलो, कारण तिथलं नेट चांगलं. मोबाइल उभा राहीना म्हणून शेठजींनी पिशवीतून शेवेचा डबा काढून मागे लावला. माझ्या आधी बरेच जण होते. एका गृहस्थाने चेअरमनवर स्वतः रचलेला शेर म्हटला. एका काकूंच्या मागे कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या आणि त्यांना कुणी सांगेना. एकाने बोनस मागितला, एकाने ऑफिस बघायला बोलवा म्हणून गळ घातली. चेअरमन सगळ्यांना हसून मान डोलवत होता. मग माझं नाव पुकारलं. मी विचारलं, "माझा आवाज येतोय ना?" येतोय म्हणाले. मी सरांचा कागद हातात धरला आणि वाचायला लागलो.

दोन वाक्यं झाली असतील. बघतो तर चेअरमन खाली मान घालून दुसरंच काहीतरी वाचतोय. एका हाताने कुणाला तरी खूण करतोय. डोकं सणकलं माझं. छत्तीस वर्षांत माझ्यासमोर बिल घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाची खाली बघायची हिंमत झाली नव्हती. आणि हा कोण टिकोजीराव? माझी पोरगी बघत असणार, आणि तिच्यासमोर हा माझ्याकडे बघतही नाही? कागद बाजूला ठेवला. अहवाल माझ्या मांडीवरच होता, पानांना खुणा घातलेल्या. कोषालयाच्या आवाजात सुरू झालो, अर्धं हिंदी आणि अर्धं इंग्रजी.

म्हणालो, अमुक पान उघडा. परत आलेल्या मालाच्या खात्यावर एवढी माणसं कशासाठी? जे खातं एक पैसा कमावत नाही त्याला एवढा पगार? दोघांच्या कामाला चार जण पोसायचे, तेही भागधारकांच्या पैशावर? सरकारी खात्यात असतो तर मी हे बिल पास केलं नसतं. ही माणसं कमी केल्याशिवाय भाव वर येणार नाही, आणि कधी करणार ते आज सांगा.

चेअरमनने मान वर केली. सरळ माझ्याकडे बघितलं. "व्हेरी गुड पॉइंट, सर," म्हणाला, "आम्ही नक्की लक्ष घालू." तीन मिनिटं संपली. शेठजींनी माझ्या पाठीवर थाप मारली. सर म्हणाले, "मी लिहिलेलं ठेवलंत बाजूला, पण धारदार बोललात." मी जिने उतरलो ते हवेतच. घरी सौ.ने विचारलं, "काय म्हणालात?" मी म्हणालो, "जे म्हणायचं ते म्हणालो. चेअरमन ऐकत राहिला."

त्या संध्याकाळी मी फोनजवळून हललो नाही. आठ वाजता सौ.नेच लावला. पोरगी म्हणाली, कामात आहे आई, उद्या बोलू. दुसऱ्या दिवशीही माझ्याबद्दल एक शब्द काढला नाही. बघितलं का, म्हणून विचारायला मी सौ.ला खुणावलं, तर तिकडून नुसतं हं. मला राग आला. म्हटलं, आणखी काय करायचं बापाने? पायाशी लोळण घ्यायची? आणि पुन्हा तोंड फुगवून बसलो. तसे काही महिने गेले.

मग ती दुपार. मी जरा उशिरा माडी चढत होतो तर वरून शेठजींची हाक, "भिया, दौड़ के आओ!" टीव्हीवर माझा शेअर हिरवागार. वरचं सर्किट लागलं होतं, म्हणजे एका दिवसात जेवढा चढू देतात तेवढा चढून थांबला होता. घ्यायला झुंबड आणि विकायला कुणी नाही. सरांनी बातमी वाचून दाखवली. कंपनीने परतीच्या मालाचं सगळं काम बाहेरच्या ठेकेदाराला दिलं होतं, ते खातंच बंद केलं होतं, माणसं कमी केली होती. बाजाराला ते फार आवडलं होतं.

"भिया, तुम्हारी सुन ली कंपनी ने!" शेठजी नाचायचेच बाकी होते.

सर म्हणाले, "असं एका भागधारकाच्या सांगण्यावरून होत नसतं, महिनोन् महिने आधी ठरलेलं असतं. पण तुमचं निदान बरोबर होतं, हे मान्य करायला हवं."

मीही काही इतका खुळा नाही की कंपनी माझ्यामुळे हलली असं समजेन. पण सुखावलो. खोटं कशाला बोलू, फार सुखावलो. कुणाची माणसं, कुठली माणसं, असा विचार मनाला शिवलाही नाही. माझ्या डोक्यात माझी पोरगी कायम काचेच्या केबिनमध्ये बसलेली असायची, कापडाचे रंग निवडत. म्हटलं, कंपनी सुधारली म्हणजे तिचं भलं झालं. आज ती खूश असणार. कचोरी तर खाऊ घातलीच, वर जिलबी बांधून घेतली. रिक्षात बसलो आणि काय झालं कुणास ठाऊक, चार वर्षांचा फुगवटा एकदम उतरला. वाटलं, कसला मान आणि कसलं काय. पोरीचं बरोबर होतं. तिला तेव्हाच कळलं होतं ते मला आता कळतंय. तिला हे सांगायलाच हवं, आणि आजच सांगायला हवं.

घरी शिरलो आणि सौ.ला म्हणालो, "फोन लाव तिला. मी बोलतो."

तिच्या हातातून ताटली पडता पडता राहिली. दोनदा विचारलं, खरंच? मग नंबर लावला आणि फोन माझ्या हातात देऊन समोर उभी राहिली, पदराचं टोक मुठीत धरून.

"आई, बोल," पोरगी म्हणाली.

"आई नाही. मी आहे, बाबा."

तिकडून गाड्यांचे आवाज येत होते, बाहेर कुठेतरी असावी. मी म्हणालो, "ऐकू येतंय ना? अगं, आज भाव बघितलास का? सर्किट लागलं! तुमच्या कंपनीने कमाल केली. अभिनंदन करायला फोन केला."

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही चेष्टा करताय का माझी?"

"चेष्टा कसली? खरंच सांगतोय. चुकलं माझं. बँक सोडलीस ते बरोबर केलंस. मी उगाच आकांडतांडव केलं, नको ते बोललो. चार वर्षं हे सांगायचं होतं, जीभ उचलत नव्हती. तू बरोबर होतीस, बाळा."

सौ.च्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. ती हसतही होती. मला वाटलं, तिकडेही असंच चाललं असेल, म्हणून मी थांबलो.

मग ती बोलली. आवाज चढवला नाही, रडली नाही. आमच्या घरात असं कुणी बोलत नाही.

"आज सकाळी मला काढलं, बाबा. माझ्या सगळ्या टीमला काढलं. परतीच्या मालाचं खातं मीच बघत होते."

मी हातातली जिलबीची पुडी टेबलावर ठेवली.

"त्या सभेच्या दिवशी आम्ही सगळे एका खोलीत बसून बघत होतो," ती म्हणाली. "तुम्ही स्क्रीनवर आलात. मी खुर्चीवरून उठून ओरडलेच, हे माझे बाबा आहेत! सगळ्यांना गप्प केलं. म्हटलं, आता नीट ऐका."

सौ. खुणेने विचारत होती, काय म्हणते, काय म्हणते? मी तिच्याकडे पाठ फिरवली. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी निदान उलटून काहीतरी बोललो असतो, ते मला येतं.

"हॅलो," मी म्हणालो. "बाळा."

ती म्हणाली, "आईला द्या फोन."